चार नंबरची कोरी स्लाइड

पहिलंच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाद नको. मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. इथे लोक लिहितात ते अनुभव मी वाचते, आणि अर्ध्यावर नाक मुरडून सोडून देते. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात देव्हाऱ्यातले टाक घोड नदीत सोडून आले. बाबा शाळामास्तर. कुणी म्हणालं की पोराला बाहेरचं लागलंय, तर बाबा म्हणायचे, "बाहेरचं काय नसतं. विहिरीचं पाणी उकळून पाज." अशा घरात वाढले मी. त्यात मायक्रोबायोलॉजी शिकले आणि लॅबमध्ये नोकरीला लागले. म्हणजे दिसेल तेच खरं मानायचं, आणि दिसलं तरी दोनदा तपासायचं!

तर हे दिसलेलंच आहे. दोनदा तपासलेलंही आहे.

गोष्ट २००४ सालची. आमचं घर कळंबला, हायवेपासून जरा आत. मी रोज एसटीने नारायणगावला आणि तिथून दुसरी गाडी पकडून जुन्नरला जायचे. बाजारपेठेतल्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर आमची लॅब होती. खाजगी, छोटी. सर पॅथॉलॉजिस्ट, मी टेक्निशियन, आणि काउंटरला एक बाई. त्या साली सरांनी पुण्याहून जुना फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आणला. म्हणजे काय, तर साध्या दिव्याऐवजी निळा प्रकाश टाकायचा, आणि खास रंग दिलेले जंतू काळ्या पार्श्वभूमीवर चमकताना दिसतात. टीबीसाठी हे लई सोयीचं. जुन्या लाल रंगाच्या पद्धतीत एकेक जंतू शोधत बसावं लागायचं, मान मोडून यायची.

मशीन आलं, पण त्याच्यासोबत कुठला रंग वापरायचा आणि कुठलं जेल, ते काही कुणी सांगितलं नव्हतं. सर म्हणाले, "तूच ठरव गं. मला वेळ नाही." झालं! दोन महिने मी तेवढंच करत होते. रंगांमध्ये ऑरामिन घेतलं. ते टीबीच्या जंतूला असं चिकटतं की ॲसिडने धुतलं तरी निघत नाही, आणि निळ्या प्रकाशात हिरवट पिवळं दिसतं. वाईट गोष्ट एकच, उजेडात ते भराभर विटतं. आम्हाला तर पॉझिटिव्ह स्लाइड पुण्याला फेरतपासणीला पाठवायच्या असायच्या. इथे चमकलेली स्लाइड तिथे पोचेपर्यंत काळी पडली तर माझीच लाज जाणार. म्हणून स्लाइडवर एक थेंब जेल टाकायचं, वर पातळ काच ठेवायची आणि कडा नेलपेंटने बंद करायच्या. चांगलं जेल रंग विटू देत नाही.

पण जेल स्वतःच चमकलं तर? तेही होतं. माझं गुलाबी नेलपेंट लावलं तर कडा अशा चमकल्या की सर म्हणाले, "दिवाळी आली का?" मग बांगड्यांच्या दुकानातून बिनरंगाचं आणलं. जेल तीन होती. एक मी घरच्या घरी बनवलेली ग्लिसरीन जेली, एक त्यातच विटण्याविरुद्धची पावडर घातलेली, आणि एक बाहेरदेशची तयार बाटली, अंगठ्याएवढी. सर ती कपाटात कुलपात ठेवायचे.

एका सोमवारी दुपारी मी कोऱ्या स्लाइडी करायला घेतल्या. कोरी म्हणजे नुसती. थुंकी नाही, रंग नाही. सीलबंद खोक्यातली नवी काच, त्यावर फक्त जेल. प्रत्येक जेलच्या दोन, अशा सहा. हिऱ्याच्या पेन्सिलीने काचेवर नंबर कोरले, एक ते सहा. निळ्या प्रकाशात सहाही काळ्या दिसायला हव्यात. जे काळं राहील ते जेल पास.

एक काळी. दोन काळी. तीन काळी.

चार नंबरमध्ये टीबी होता.

मी डोळा काढला, चोळला, पुन्हा लावला. हिरव्यापिवळ्या बारीक काड्या... कचरा नव्हे, जेलचे दाणे नव्हेत. अहो, मी तोवर हजारो स्लाइडी पाहिल्या होत्या, मला काय ओळखता येत नाही? एका ठिकाणी पाच होत्या. दोन एकमेकींवर कात्रीसारख्या आडव्या, एक विळ्यासारखी वाकडी, आणि दोन कडेला जोडीने. जरा सरकवलं तर दुसऱ्या ठिकाणी तीन, एका ओळीत, मधली अगदी बारकी.

आमच्याकडे कॅमेरा नव्हता. लॅबचा नियम असा की पॉझिटिव्ह दिसलं की वहीत औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून पेन्सिलीने वर्तुळ काढायचं, दिसतं तसं आत काढायचं, आणि सरांनी पाहून तारीख घालून सही करायची. मी दोन वर्तुळं काढली आणि सरांना हाक मारली.

सरांनी पाहिलं आणि माझ्यावरच उखडले. "ही कोरी? पेशंटची स्लाइड आहे ही! बदललीस तू." पण सही केली, कारण समोर दिसत होतं. मी म्हटलं, सर, नंबर बघा, माझ्या हाताने कोरलाय. ते म्हणाले, "मग नंबर चुकीच्या काचेवर कोरलास."

मी लगेच दिवसभराच्या नमुन्यांची यादी काढली. कारण सर बरोबर असतील तर कुणाची तरी पॉझिटिव्ह स्लाइड कोऱ्यांत गेली, आणि त्या माणसाला मी 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं. त्या दिवशी चार जणांचे नमुने आले होते. दोघांचे रिपोर्ट गेलेसुद्धा. मंगळवार-बुधवार मी त्या चौघांच्या मागे हात धुऊन लागले. एकजण आळेफाट्याचा, त्याला दोनदा निरोप धाडला. तो येऊन म्हणतो, "मॅडम, माझ्या थुंकीत सोनं सापडलं का काय?" हसायची सोय नव्हती मला. चौघांचे नवे नमुने घेतले, चौघांच्या जुन्या स्लाइडी काढून पुन्हा पाहिल्या. चौघेही स्वच्छ. जुन्या चारही स्लाइडी जागच्या जागी होत्या, एकही कमी नव्हती. मग चार नंबर कुणाची?

आणि आणखी एक. ऑरामिन दिव्याखाली धरलं की फिकं होत जातं, कुठल्याही जेलमध्ये थोडं तरी होतंच. चार नंबर मी अर्धा तास दिव्याखाली ठेवली. तसूभर फरक नाही. त्याच बाटलीतून नव्या दहा कोऱ्या केल्या, दहाही काळ्या. मी सरांना सांगितलं तर म्हणाले, "फेकून दे ती आणि कामाला लाग." मी फेकली नाही. खोक्यात घालून ड्रॉवरमध्ये ठेवली.

आता घरचं सांगते, कारण खरं तिथेच आहे.

माझी वहिनी, सुजाता. दादाची बायको, माहेर डिंगोऱ्याचं. तेव्हा सातवा लागला होता. दीड महिन्यापासून खोकला. तिचं अंग भरायच्या ऐवजी उतरत होतं. आई म्हणायची, "पहिलटकरीण हाये, व्हतं असं." डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. पोटुशी म्हणून एक्स-रे काढायला ना आई तयार ना दादा. मग मी म्हटलं, थुंकी तरी तपासू. आदल्या आठवड्यात दोन दिवस घरूनच डबी नेली, जुन्या लाल पद्धतीने तपासली. दोन्ही वेळा काही नाही. घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. माझ्या तपासणीवर विश्वास ठेवून हो!

गुरुवारी दुपारी लॅबच्या फोनवर दादाचा फोन. "उद्या सकाळी सुजीला डिंगोऱ्याला सोडतो. बाळंतपण तिकडंच. तिचा भाऊ जीप घेऊन येतोय."

मी बरं म्हटलं, फोन ठेवला. समोर चार नंबरची वही उघडी होती. का कोण जाणे, मला एकदम त्या दोन डब्या आठवल्या. वहिनीच्या. आत काय होतं? पाण्यासारखं पातळ, वर फेस. म्हणजे लाळ! छातीतला बेडका नव्हताच तो. दुसरं कुणी असली डबी घेऊन आलं असतं तर मी तोंडावर परत केली असती, "मावशी, हे चालत नाय, खोल श्वास घेऊन खाकरून आणा." दिवसातून दहा वेळा हेच बोलते मी. आणि घरच्या माणसाची डबी मात्र मुकाट्याने घेतली, कारण... कारण वहिनीने पदराआड लपवून दिली होती आणि मलाच अवघडल्यासारखं झालं होतं.

डिंगोऱ्याला तिच्या भावाची दोन लहान पोरं. एकाच खोलीत सगळ्यांचं निजणं. आणि पुढे हिचं बाळ, पहिल्या दिवसापासून हिच्या छातीशी. मी घड्याळ पाहिलं आणि पहिली गाडी पकडली. नारायणगावच्या स्टँडवर दुसरी एसटी येईना, तेव्हा मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

घरी वहिनी बॅग भरत होती. मी तिला मागच्या खोलीत नेलं.

"वहिनी, खरं सांग. डबीत नुसतं थुंकलीस ना?"

 ती खाली बघत म्हणाली, "मग काय करू ताई? मामा पुढच्या वट्यावर बसल्यालं असतात सकाळचं. त्यांच्यासमोर सुनेनं खाकारायचं? आईंनी पण सांगितलं, हळू खोकत जा, लोक काय म्हणतील."

मला तिचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. रोज शंभर लोकांना शहाणपण शिकवणारी मी, माझ्याच घरात सून खोकला गिळते हे मला दिसलं नाही!

शुक्रवारी उजाडता उजाडता मी तिला उठवलं, तोंड धुऊ दिलं नाही, आणि घरामागे कांदा साठवायच्या बराखीपाशी नेलं. "आता खोल श्वास घे. पोटापासून खोकायचं." ती पहिल्यांदा घुटमळली. घराकडे बघत राहिली. तेवढ्यात ओट्यावर बाबांनी रेडिओ लावला, आणि आवाज असा वाढवला की शेजारचा ओरडला, "मास्तर, कान गेलं काय वो?" बाबांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना काय कळायचं ते कळलं होतं. वहिनीने माझा हात घट्ट धरला आणि खोकली, अशी खोकली की मला वाटलं आता हिला काही होतंय. डबीत घट्ट पिवळा बेडका पडला.

दादा भडकला. "जीप दारात उभीये आणि तुझं काय चाललंय? दोनदा बघितलंस ना तूच?" मी म्हटलं, "दोनदा चुकले. दुपारपर्यंत थांब. तिला नेलंस तर मी डिंगोऱ्यात येऊन तमाशा करीन." वहिनीचा भाऊ बिचारा म्हणाला, "राहू द्या दाजी, दुपारी जाऊ." मी डबी पिशवीत घालून निघाले.

लॅबमध्ये पोचले तर लोडशेडिंग. मर्क्युरीचा दिवा एकदा गेला की गार होईपर्यंत लावता येत नाही, म्हणून इन्व्हर्टरवर लावायचं धाडस सर करू देत नसत. तोवर स्लाइड तयार केली. ऑरामिन पंधरा मिनिटं, ॲसिड, पाणी, वर जांभळ्या पाण्याने पार्श्वभूमी काळी केली, वाळवली. जेल घाईत टाकलं, एक बुडबुडा राहिलाच. मग वीज येण्याची वाट बघत काळ्या पडद्याच्या त्या खोलीत पाऊण तास बसून राहिले. काय काय मनात आलं ते लिहीत नाही. एकदा तर वाटलं, आजोबांनी नदीत सोडायला नको होते ते टाक, कुणालातरी हात जोडता आले असते. मी! मला असं वाटलं.

वीज आली. दिवा लावला. डोळा लावला.

पॉझिटिव्ह. शंकाच नको.

मी सरकवत गेले. आणि बुडबुड्याच्या जरा खाली थांबले. पाच काड्या. दोन कात्रीसारख्या आडव्या. एक विळ्यासारखी. दोन कडेला जोडीने.

मी सरांना हाक मारली, पण वही दाखवली नाही. म्हटलं, "सर, आज तुम्ही काढा वर्तुळ." ते वैतागले, पण माझा चेहरा बघून बसले. झाकण ठेवून पेनाने काढलं. मग मी सोमवारचं पान उघडून शेजारी ठेवलं. खाली त्यांचीच सही, त्यांच्याच हातची तारीख.

सरांनी दोन्ही पानं जवळ ओढून पाहिली. एकदा या पानाकडे, एकदा त्या पानाकडे. मग म्हणाले, "ती चार नंबर काढ."

मी ड्रॉवरमधून काढली, लावली. काळी. कडेपासून कडेपर्यंत काळी. सरांनी लेन्स बदलून पाहिलं, शेजारी वहिनीची स्लाइड लावून दिव्याची खात्री केली. ती लखलखीत, ही काळी. ह्याच आठवड्यात अर्धा तास दिव्याखाली धरून जी विटली नव्हती, ती खोक्यात बंद असताना विझली.

"सर, हे काय आहे?"

"रिपोर्ट लिही," ते म्हणाले. "वहिनीचा. बाकीचं रिपोर्टात लिहायचं नसतं."

पुढे त्यांनी मला बरंच समजावलं. कुठूनतरी थेंब उडाला असेल. काड्या त्या काड्या, सगळीकडे सारख्याच दिसतात. सोमवारचं चित्र डोक्यात होतं म्हणून मला शुक्रवारी तेच दिसलं. असेल! मीही हेच म्हटलं असतं. पण शुक्रवारचं चित्र मी काढलेलं नाही, त्यांनी काढलंय. सोमवारच्या काचेवर रंगच नव्हता, मग चमकलं काय? आणि सगळ्यात मोठं म्हणजे सोमवारी तो बेडका वहिनीच्या छातीत होता. डबीत तो शुक्रवारी आला. 

मी दुपारी घरी पोचले. दादा दारातच होता. रिपोर्ट वाचून त्याने जीपमधली बॅग उतरवून घरात आणली. वहिनी माहेरी गेली नाही. सरकारी गोळ्या सुरू झाल्या. आईने स्वतः तिच्यासाठी ओट्यावर, अगदी पुढच्या ओट्यावर, राख घातलेलं झाकणाचं डबडं ठेवलं आणि म्हणाली, "खाकार बाई, कोण काय म्हणतंय बघते मी." बाळंतपण मंचरला झालं. मुलगी, सव्वादोन किलोची. बाळालाही सहा महिने गोळी पाजली. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर उशीर झाला असता तर वहिनीचंही सांगता आलं नसतं. वहिनी आज ठणठणीत आहे, मला दोन हातांनी उचलेल.

इथे थांबता आलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. चांगलं झालं म्हणून गप्प बसले असते.

पण वर्तुळं दोन होती.

पहिलं वहिनीचं निघालं. दुसरं, ओळीत तीन, मधली बारकी, ते मला वहिनीच्या स्लाइडवर सापडलं नाही. कडेपासून कडेपर्यंत पाहिली, तीन दिवस पाहिली. त्यानंतर जेवढ्या पॉझिटिव्ह आल्या, प्रत्येकीत मी आधी तेच शोधते. ह्याला चार वर्षं झाली. घरच्यांनाही सोडलं नाही. दर वर्षी सगळ्यांना बराखीमागे नेते. दादा शिव्या घालतो, बाबा म्हणतात, "मास्तरीणबाई आल्या." पण खाकरतात. सगळे स्वच्छ आहेत.

राहिली एक. वहिनीची मुलगी. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, गिळून टाकतात. तिला खोकला नाही, ताप नाही, खेळते, जेवते, एक्स-रे स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणतात, "काय लावलंय मॅडम तुम्ही? पोरीला काही झालेलं नाही." मला पटतं. मी विज्ञान शिकलेली बाई आहे. त्या सोमवारचा अर्थ मला अजून लागलेला नाही आणि कुणाला लागला तर मला सांगा, नुसता योगायोग म्हणून सोडू नका.

मागच्या रविवारी मी डब्या वाटत होते तर ती माझ्या मागे लागली. "आत्या, मला पन. मला पन येतं." दिली. ती बराखीमागे गेली, मोठ्या माणसांसारखी कमरेवर हात ठेवून खाकरली, सगळे हसले, आणि डबी माझ्या हातात आणून दिली. पाण्यासारखं पातळ, वर फेस.

लाळ आहे हे मला दिसत होतं. तरी मी डबी परत केली नाही. सोमवारी जुन्नरला नेली, रंग दिला, जेल टाकलं, पाहिली. काही नाही.

तिच्या आईचंही दोनदा असंच काही नव्हतं.